हात लावायचा नाही

माझी भाची घरात शिरली ती चपला एका कोपऱ्यात, पिशवी दुसऱ्या कोपऱ्यात आणि स्वतः खुर्चीत, अशी तीन ठिकाणी एकदम पडली.

“फिरवला!” ती म्हणाली. “आज परत फिरवला!”

“सरांनी?”

“मग दुसरं कोण? मी पाणी प्यायला बाहेर गेले. पाणी प्यायला, मावशी! ग्लास तोंडाला लागत नाही तोवर हे आत. बाहेर येतात आणि मलाच सांगतात, ‘आता बघ, आकडा कसा चढतो.’ चढला. चढणारच! पण सकाळपासूनचं सगळं गेलं ना वाया!”

गेले काही आठवडे आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. जेवताना स्क्रू, भांडी आवरताना स्क्रू. झोपेतसुद्धा ती एकदा “सर, नको” असं म्हणाल्याचं मी ऐकलं होतं.

मला जेवढं कळलं तेवढं सांगते. माझी भाची संशोधक आहे आणि ती प्रकाशाचे कण तयार करते. त्यांना फोटॉन म्हणतात. एका मोठ्या पोलादी टेबलावर काचेची डबी असते, डबीतली हवा काढून टाकलेली, आणि आत दोन आरशांच्या मधोमध एक अणू धरून ठेवलेला. एकच. त्याला लेझरचा टोला दिला की तो एक फोटॉन सोडतो. पुन्हा टोला, पुन्हा फोटॉन. एकाच अणूतून एकामागून एक निघाल्यामुळे, आणि टोले विशिष्ट तऱ्हेने दिल्यामुळे, हे फोटॉन सुटे राहत नाहीत, एकमेकांत गुंतून येतात. तिला असे बारा हवे होते. अकरा कुणीतरी आधीच काढून दाखवले होते, त्यामुळे अकराला कुणी विचारत नव्हतं.

आता या कामातली खरी कटकट. बारांपैकी एखादा वाटेत हरवतोच. डबीबाहेर त्याला वाट दाखवणारे छोटे आरसे असतात, त्यांत मुरतो, पुढच्या काचेच्या नळीच्या तोंडाशी चुकतो, कुठेतरी जातो. आणि एक हरवला की उरलेले अकराही टाकून द्यायचे. यंत्र सेकंदाला कितीतरी वेळा प्रयत्न करत बसतं आणि तेव्हा कुठे चार-पाच मिनिटांनी एखादी बारांची पूर्ण माळ हाताला लागते. अशा साठ माळा जमल्या तर जगाला पटेल. पण त्या साठही एकाच बैठकीतल्या हव्यात. मध्ये कुणी आरशाचा स्क्रू केसभर जरी फिरवला तरी आधीच्या माळा आणि नंतरच्या माळा एकमेकींशी जुळत नाहीत. मोजणी पहिल्यापासून सुरू.

आणि सरांचे हात शिवशिवायचे.

“त्यांना सांगत का नाहीस सरळ?”

“कसं सांगू? ते टेबल त्यांनी उभं केलंय. एकेक आरसा त्यांच्या हाताने बसवलाय. त्यांना म्हणू, तुमच्याच टेबलापासून लांब राहा?”

“म्हण.”

“तू म्हणशील. तुझं काय जातंय?”

माझं जात नव्हतं, पण तिचं जात होतं. सर या महिनाअखेरीला निवृत्त होणार होते. त्यांच्यामागे ती खोली दुसऱ्याच कुठल्या विभागाला मिळाली होती. परवा संध्याकाळी सामान हलवणारे येऊन टेबल सुटं करून नेणार, असं ठरलेलं होतं. म्हणजे उद्याचा दिवस आणि परवाचा. तेवढ्यात बारा जमले तर तिची सहा वर्षं कामी आली. नाही जमले तर अकरांचं शिळं काम घेऊन दुसऱ्यांच्या दारात उभं राहायचं.

ती बराच वेळ छताकडे बघत राहिली. मग एकदम सरळ बसली.

“मावशी, उद्या तू चल माझ्याबरोबर.”

“मी? मी काय करू तिथे?”

“बोल.”

“काय बोलू?”

“काहीही. सरांना कॅन्टीनमध्ये घेऊन जा आणि बोलत राहा. तुला जमतं. तो मीटर वाचायला आलेला माणूस नाही का, पाऊण तास दारात उभा होता तुझ्यापुढे.”

“त्याला आवडत होतं ऐकायला.”

“त्याला जाता येत नव्हतं, मावशी!”

मी रागावणार होते, पण तिचा चेहरा बघून दुसऱ्या दिवशी मुकाट्याने गेले.

त्यांची प्रयोगशाळा तळघरात आहे. बाहेरची खोली लहान, तिथे पडदे आणि खुर्च्या. पडदे म्हणजे ते आकड्यांचे, कॉम्प्युटरचे. आतली खोली मोठी, तिथे ते टेबल, आणि टेबलाभोवती न्हाणीघराला लावतात तसा काळा जाड पडदा. हा मात्र खरा पडदा. दोन खोल्यांमधल्या दारावर कागद चिकटवला होता: ‘मोजणी चालू असताना आत जाऊ नये. अंगाच्या उबेनेही आरसे हलतात.’

“हे चांगलं केलंस,” मी भाचीला म्हणाले.

“ते सरांनी लावलंय,” ती दात आवळून म्हणाली. “सरांचं अक्षर आहे ते.”

बाहेरच्या खोलीत आणखी एक जण बसलेला होता. त्याला सगळे निवांत म्हणत, आणि तोही त्या नावाला ओ देत असे. भाचीपेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान असेल. पाय लांब सोडून, हात पोटावर ठेवून तो आकड्यांकडे बघत होता. त्याच्या शेजारी चहाचा कप होता आणि त्यावर साय धरली होती.

“निवांत, सुरू करायचं का?” भाचीने विचारलं.

त्याने विचार केला. खरंच केला, मी बघत होते.

“करू या की,” तो म्हणाला.

भाचीने माझ्याकडे बघून डोळे फिरवले. सरांवर ती चिडत असे, पण या माणसाचा तिला कंटाळा होता. काही सुचवणार नाही, काही हलवणार नाही, सांगितलं तेवढं करणार आणि पुन्हा पाय लांब करणार. “याला इथे ठेवलाय कशाला तेच कळत नाही,” असं ती घरी कितीदा तरी म्हणाली होती.

सर उंच आणि वाळलेले होते, आणि हात मात्र त्यांचे नव्हतेच जणू, दुसऱ्या कुणा धिप्पाड माणसाचे लावल्यासारखे. लोक खिशाला पेन लावतात तशी त्यांच्या सदऱ्याच्या खिशाला एलन की अडकवलेली होती. एलन की म्हणजे काटकोनात वाकवलेली लोखंडी सळी, स्क्रू फिरवायची. सकाळचा पहिला तास हात लावायची परवानगी असते. आरसे जुळवायचे असतात. तेव्हा सर आणि भाची पडद्यामागे गेले आणि त्यांचं जे बोलणं ऐकू येत होतं त्यात भांडणाचा मागमूस नव्हता. “जरा डावीकडे.” “एवढं?” “नको, अर्धं.” “आता?” “आता सोड. सोड म्हटलं ना.” मग दोघं बाहेर आली, दार लावलं, आणि मोजणी सुरू झाली. थोड्या वेळाने पडद्यावर एकचा आकडा आला.

सर दाराकडे बघायला लागले.

“सर,” मी म्हणाले, “ही पोरगी सहा वर्षं काय करते ते मला अजून नीट कळलेलं नाही. तुम्ही समजावून सांगाल का? वर चहा घेऊ या.”

“आत्ता?”

“माझे गुडघे दुखतात. रोज रोज येणं होत नाही.”

गुडघ्यांपुढे सुशिक्षित माणसाचं काही चालत नाही. ते उठले.

कॅन्टीनमध्ये आम्ही खिडकीशी बसलो. टेबल जरासं डुगडुगत होतं. सरांनी दोन बोटांनी ते हलवून पाहिलं आणि बोलायच्या आधी खाली वाकून पाय घट्ट करून टाकला. मग साखरेच्या बरणीचं झाकण काढून परत नीट बसवलं. मग माझ्याकडे बघितलं.

“तुमच्या चष्म्याची डावी काडी सैल आहे.”

“असू द्या.”

“द्या इकडे.”

खिशातून त्यांनी बोटभर लांबीचा पेचकस काढला. चष्मा घट्ट झाला. तेव्हापासून तो माझ्या नाकाला चावतो, पण माणसाने मनापासून केलेलं काम, काय बोलणार?

“हं,” मी म्हणाले. “सांगा. गुंतलेले म्हणजे काय?”

आणि ते बोलायला लागले. मला वाटलं होतं बोलत ठेवायचं काम माझं आहे. मला तोंड उघडायला जागा मिळेना.

“एका फोटॉनला विचारलं, तू उभा की आडवा, तर तो काहीही सांगतो,” ते म्हणाले. “आत्ता उभा, मग आडवा. काही भरवसा नाही. दुसऱ्याला विचारा, तेच. पण बाराही जणांना एकदम विचारा. सगळे उभे, नाहीतर सगळे आडवे. एकही फुटत नाही.”

“आमच्या भावांसारखं,” मी म्हणाले. “कपाटातला खाऊ कुणी संपवला म्हणून एकेकाला विचारा, सगळ्यांचं उत्तर एकच.”

“नाही, नाही!” सरांनी टेबलावर हात आपटला. शेजारचे लोक वळून बघायला लागले. “तुमच्या भावांनी आधी एकत्र बसून ठरवलं होतं!”

“ठरवलं होतंच.”

“ह्यांनी ठरवलेलं नसतं. तीच तर मेख आहे. विचारेपर्यंत उत्तर नसतंच. कुणाकडेच नसतं. आणि तरी सगळ्यांचं एक येतं.”

“असं कसं होईल?”

“होतं.”

“पण कसं?”

“बाई, मी चाळीस वर्षं तेच विचारतोय. आकडेमोड येते. ‘कसं’ येत नाही.” त्यांनी साखरेच्या बरणीचं झाकण पुन्हा घट्ट केलं. “अशा माळा मोठ्या करता आल्या तर नव्या तऱ्हेचे कॉम्प्युटर बनतील, कुणाला चोरून वाचता येणार नाहीत असे निरोप पाठवता येतील. लोक मला विचारतात, कधी? मी म्हणतो, आधी बारा तर होऊ द्या.”

“आणि एक हरवला तर?”

“मग उरलेले अकरा म्हणजे नुसता उजेड. दिव्याखाली पडतो तसा.”

मी दुसरा चहा मागवला. तिसरा मागवला. सर एकसारखे घड्याळाकडे बघत होते आणि मी एकसारखी नवा प्रश्न काढत होते. माझे प्रश्न संपत आले तेव्हा मी त्यांना निवृत्तीनंतर काय करणार विचारलं. ते माझ्याकडे बघून हसले.

“मला इथे धरून ठेवायला तुम्हाला आणलंय ना?”

खोटं बोलून काय मिळणार होतं?

“हो,” मी म्हणाले.

“मला वाटलंच. इतक्या आवडीने माझं आजवर कुणी ऐकलेलं नाही.” त्यांनी कप बशीत गोल फिरवला. “तिचं चुकत नाही. मी हात लावतो. पण तुम्हाला सांगू? आकडा घसरायला लागला, म्हणजे माळा उशिरा यायला लागल्या, की माझा हात खिशाकडे जातो. चार मिनिटांची माळ सहा मिनिटांवर जाते, मग आठ. आणि मला ठाऊक असतं की तिसऱ्या आरशाचा वरचा स्क्रू एवढासा फिरवला की काम होईल. ठाऊक असून नुसतं बसायचं?”

“आणि नाही फिरवला तर?”

“कधी आपोआप सावरतं. खोली तापते, निवते, टेबल ताणतं, सैल होतं. कधी नाही सावरत.” ते जरा पुढे वाकले. “पण एक सांगतो, तुम्ही मानणार नाही. काही वेळा मी लावलेला नसतो. मागच्या आठवड्यात तर मी जवळही गेलो नव्हतो. तरी मोजणी फुटली. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी मुकाट्याने ऐकून घेतलं. माझी ख्यातीच तशी.”

मी मान हलवली, पण मनात म्हणाले, लबाड आहे म्हातारा.

दुपार टळल्यावर आम्ही खाली आलो. सरांना मी माझ्या मागे ठेवलं होतं, जिन्यावरून मुद्दाम सावकाश उतरत. बाहेरच्या खोलीत निवांत तसाच बसलेला. भाचीची खुर्ची रिकामी. आतल्या खोलीचं दार बोटभर उघडं.

“ती कुठे आहे?” मी विचारलं.

“आत.”

“आत? मोजणी चालू असताना?”

“हो.”

“आणि तू तिला अडवलं नाहीस?”

“त्या सीनियर आहेत,” निवांत म्हणाला.

सर माझ्या बाजूने पुढे झाले आणि दार उघडून उभे राहिले. काळ्या पडद्यापुढे माझ्या भाचीची पाठ तेवढी दिसत होती. दोन्ही हात कोपरापर्यंत आत. ती स्वतःशी पुटपुटत होती, “जरासं. फक्त जरासं.” मग तिला काहीतरी जाणवलं आणि ती वळली. हातात एलन की होती. सरांच्या किल्लीसारखीच, फक्त हिच्या टोकाला लाल पट्टी गुंडाळलेली.

सरांनी तिच्या हातातल्या किल्लीकडे बोट केलं.

“एक्केचाळीस झाल्या होत्या,” भाची म्हणाली. “मग दहा मिनिटं एकही आली नाही. दहा मिनिटं, सर! मला वाटलं आता सगळंच जाणार. मला ठाऊक होतं कुठला स्क्रू ते.”

“तिसऱ्या आरशाचा वरचा,” सर म्हणाले.

“हो.”

“चढला असेल आकडा.”

“चढला.”

“आणि मागच्या आठवड्यात?”

ती जमिनीकडे बघायला लागली.

मला वाटलं आता सर तिच्यावर ओरडतील. ते ओरडलेही, पण भलत्यावरच. निवांतकडे वळून म्हणाले, “आणि तू? तू नुसता बघत होतास?”

“मला बघायलाच सांगितलं होतं,” निवांत म्हणाला.

मग तिघं एकदम बोलायला लागली. म्हणजे दोघंच. भाची म्हणाली, मी तुमच्याकडूनच शिकले. सर म्हणाले, मी शिकवलं ते जुळवायला, मोजणी फोडायला नाही. भाची म्हणाली, मग तुम्ही का फोडता? सर म्हणाले, मी फोडतो ते निदान उघडपणे! तू लपून फोडतेस आणि माझ्या नावावर घालतेस! त्यावर भाची रडायला लागली. रडता रडता म्हणाली, आता एकच दिवस उरलाय.

माझं डोकं उठलं होतं. सकाळपासून पोटात चार कप चहा आणि नाकावर चावरा चष्मा. मी हात पुढे केला.

“किल्ल्या द्या.”

“कुठल्या?”

“दोन्ही. इकडे द्या. आणि सर, तो पेचकससुद्धा.”

लहान मुलांकडून गोट्या काढून घ्याव्यात तशा मी त्या काढून घेतल्या आणि पिशवीत टाकल्या. उद्या सकाळी जुळवायला देईन आणि लगेच परत घेईन म्हणाले. आणि जुळवून झालं की तुम्ही दोघंही बाहेर. आतल्या खोलीच्या नव्हे, या खोलीच्याही बाहेर.

“मग आकड्यांकडे कोण बघणार?” भाचीने विचारलं.

आम्ही सगळ्यांनी निवांतकडे बघितलं. तो चहावरची साय कपाच्या कडेला सारत होता.

“हा?” भाची म्हणाली. “मावशी, हा झोपेल!”

“झोपू दे. झोपलेला माणूस स्क्रू फिरवत नाही.”

घरी गेल्यावर ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. पाठ करून झोपली. मला वाटलं, बरं झालं, एक दिवस तरी स्क्रूशिवाय गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी आरसे जुळवले. नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. बाहेर पडायला कुणी तयार होईना. भाची म्हणे, एकदा शेवटचं बघते. सर म्हणत, तू काल बघितलंस, आज मी बघतो. शेवटी मीच पडद्याशी जाऊन किल्ल्या घेतल्या. सरांनी निवांतला बजावलं, “पाच वाजेपर्यंत काही झालं तरी हे दार उघडायचं नाही. मी ठोठावलं तरी उघडायचं नाही.”

“मी ठोठावलं तरीही नाही,” भाची म्हणाली.

“बरं,” निवांत म्हणाला आणि दार आतून लावून घेतलं.

बाहेर बोळासारखा लांबट व्हरांडा होता. तिथे सामान हलवणाऱ्यांनी आदल्या दिवशीच लाकडी खोकी आणून ठेवली होती, टेबलाचे भाग भरून न्यायला. आम्ही त्या खोक्यांवरच बसलो. सर एका टोकाला, भाची दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये मी, मांडीवर पिशवी घट्ट धरून.

मी आयुष्यात पुष्कळ वाट बघितली आहे, पण या दोघांबरोबर वाट बघणं म्हणजे शिक्षा. सर उठायचे, दाराला कान लावायचे, परत यायचे. भाची म्हणायची, “कान कशाला लावता? फोटॉनचा आवाज येतो का?” मग थोड्या वेळाने तीच उठून कान लावायची. दुपारी डबा उघडला तर कुणाला घास जाईना. सरांनी खोक्याचा एक खिळा वर आलेला पाहिला आणि तो बोटाने दाबत बसले. दाबून दाबून बोट लाल झालं.

“बाराच्या सुमाराला आकडा घसरतो,” भाची म्हणाली. “वरची खोली तापते ना.”

“सव्वाबाराला,” सर म्हणाले.

“आज नक्की घसरला असेल.”

“आत्ता माळेला आठ मिनिटं लागत असतील.”

“दहा.”

“आणि तो गाढव नुसता बघत बसला असेल.”

“बसला असेल तर बरं, सर. झोपला नसला म्हणजे मिळवलं.”

या एका गोष्टीवर त्यांचं एकमत झालं तेव्हा दोघं जरा जवळ सरकली आणि मला खोक्याच्या कडेवर टेकायची वेळ आली. मग सर तिला सांगत होते की हे टेबल आणलं तेव्हा ते या दारातून जाईना, चौकट काढावी लागली. ते गेलं आणि मग लक्षात आलं की पाय बाहेरच राहिले. भाची हसली. मग म्हणाली, “सर, मी तुमचं नाव घ्यायला नको होतं.” सर म्हणाले, “निम्म्या वेळा मीच होतो. निम्मं बरोबर आलं, आपल्या धंद्यात तेवढं पुष्कळ.” आणि परत उठून दाराला कान लावला.

तीन वाजले. चार वाजले. सामान हलवणारी दोन माणसं आली, ढकलगाडी भिंतीला लावून आमच्याकडे बघत उभी राहिली. आम्ही त्यांच्या खोक्यांवर बसलो होतो ना.

पाच वाजले. दार उघडलं नाही.

सरांनी ठोठावलं. काही नाही. भाचीने ठोठावलं. तरी नाही. “झोपला! मी म्हटलं होतं!” ती दोन्ही मुठींनी दार बडवायला लागली. तेव्हा कुठे आतून कडी निघाली. निवांत डोळे चोळत नव्हता, पण घाईतही नव्हता.

“काय?” तो म्हणाला.

“काय म्हणजे काय? पाच वाजून गेले!”

“हो? माझं घड्याळ बंद आहे. म्हणून मी म्हटलं, कुणीतरी ठोठावेल. पण ठोठावलं तरी उघडायचं नाही असं ठरलं होतं. म्हणून जरा विचार करत होतो.”

भाचीने त्याला बाजूला सारलं आणि आकड्यांच्या पडद्यापुढे उभी राहिली. मी मागून बघितलं. मला त्यातलं काही कळत नाही, पण आकडा दिसला. चौऱ्याऐंशी.

“साठ कधी झाल्या?” सरांनी विचारलं.

“झाल्या दुपारी. तीनच्या आधीच असतील.”

“आणि मध्ये घसरला नाही?”

“घसरला की. बराच वेळ काही येत नव्हतं. मग परत यायला लागलं.”

“तू काय केलंस?”

“काही नाही.”

“आणि साठ झाल्यावर सांगितलं का नाहीस?” भाची किंचाळली. “आम्ही दोन तास त्या खोक्यांवर मरत होतो!”

“दार उघडायचं नाही म्हणालात,” निवांत म्हणाला.

मला वाटलं ती आता त्याला मारते. तिने त्याच्या डोक्यावर टपली मारलीही, आणि मग त्याच्याच खांद्यावर डोकं ठेवून हसायला लागली, की रडायला, मला मागून नीट दिसलं नाही. निवांत दोन्ही हात अंगाला चिकटवून उभा राहिला, कुणीतरी हलू नको म्हणून सांगितल्यासारखा. सर खुर्चीत बसले होते. आकडे एकेक करून वर सरकवत होते, एकेका माळेवर थांबत होते. सगळे उभे. सगळे आडवे. सगळे आडवे. सगळे उभे.

सामान हलवणाऱ्यांपैकी एकाने दारातून डोकं आत घातलं. “साहेब, सुरू करायचं का? आम्हाला अजून एका ठिकाणी जायचंय.”

“करा,” मी म्हणाले, कारण सर आकड्यांतून मान वर काढेनात. पण तो म्हणाला, आरसे आम्ही काढत नाही, फुटले तर आमच्यावर येतं. ते तुम्ही काढून द्या.

आम्ही आतल्या खोलीत गेलो. भाचीने काळा पडदा पूर्ण बाजूला केला. मी ते टेबल पहिल्यांदाच नीट बघितलं. बोटाएवढे आरसे, किती ते, आणि प्रत्येकामागे दोन दोन स्क्रू. मी पिशवीतून दोन्ही किल्ल्या काढल्या, एक सरांच्या हातात दिली, लाल पट्टीची भाचीच्या.

“हं,” मी म्हणाले. “आता लावा हात. आता कुणी काही म्हणणार नाही.”

सर टेबलाच्या एका बाजूला उभे राहिले, ती दुसऱ्या.

“तू सुरू कर,” सर म्हणाले.

“नाही सर, तुम्ही. तुम्ही बसवलेत.”

“तिसरा तू काढ. तिसरा तुझा आहे.”

“तिसरा सगळ्यात शेवटी काढू.”

“मग पहिला काढ.”

“पहिला तुम्ही काढा ना.”

महिनाभर या दोघांचे हात बांधून ठेवायची पाळी आली होती, आणि आता किल्ल्या धरून दोघं खांबासारखी उभी. दारातली माणसं घड्याळ दाखवायला लागली. माझा चष्मा चावत होता. निवांतने मागून विचारलं, मग आता मी जेवायला जाऊ का?